गाडी पेट्रोल जास्त खातेय? आधी वही काढा, पाना नंतर

"काका, गाडी लई पेट्रोल खायलीय की!" एवढ्या एका वाक्यावर आमच्या जुळे सोलापुरात कितीतरी एअर फिल्टर, प्लग आणि इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर विनाकारण बदलले गेलेत. लई म्हणजे किती, असं विचारलं की समोरचा अडखळतो. आधी किती देत होती? "देत होती की अठरा-वीस." आता? "बारा-तेरा असंल." कशावरून? "पाचशेचं टाकलं तर चार दिवसांत काटा खाली."

माझं आयुष्य एस.टी.च्या वर्कशॉपात गेलं. तिथे केपीटीएल काढायचे, म्हणजे दहा लिटर डिझेलला बस किती किलोमीटर गेली तो आकडा. तो गाडीवार निघायचा तसा ड्रायव्हरवारही निघायचा. तीच बस, तोच मार्ग, पण ड्रायव्हर बदलला की आकडा हलायचा, आणि मग आम्ही उगाच इंजिनचा डिझेल पंप उघडत बसायचो नाही. निवृत्तीनंतर शेजारपाजारच्या छोट्या गाड्या बघतो तेव्हाही रीत तीच ठेवलीय. किती कमी झालं ते कळल्याशिवाय बॉनेट उघडायचं नाही. कारण एक-दोन किलोमीटरची घट आणि पाच किलोमीटरची घट हे वेगवेगळे रोग आहेत, त्यांची औषधंही वेगळी.

आकडा पक्का करा

टाकी-टू-टाकी ही एकच पद्धत घरबसल्या भरवशाची. पंपावर टाकी फुल करायला सांगा. नोझल आपोआप 'कट' झाली की थांबायचं. पोऱ्या आकडा गोल करायला आणखी थोडं थोडं सोडतो, ते करू द्यायचं नाही. ट्रिप मीटर शून्यावर आणा. नेहमीसारखी गाडी वापरा, निदान तीनशे किलोमीटर होऊ द्या. मग त्याच पंपावर, जमल्यास त्याच मशीनवर पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. समजा ३५६ किलोमीटर झाले आणि २२.४ लिटर बसलं, तर भागाकार १५.९. हा तुमचा आकडा. एका टाकीवर विसंबू नका, पाठोपाठच्या दोन-तीन टाक्यांचा एकत्र हिशेब धरा, कारण कट थोडा अलीकडे-पलीकडे झाला तरी एका टाकीत अर्धा-पाऊण किलोमीटरचा फरक दिसतो.

डॅशबोर्डावरचा ॲव्हरेजचा आकडा हा इंजिनच्या कॉम्प्युटरने इंजेक्टर किती वेळ उघडे होते त्यावरून केलेला अंदाज असतो. बहुतेक गाड्यांत तो खुशमस्कऱ्या असतो, खऱ्यापेक्षा जास्तच दाखवतो. पण मागच्या वर्षी तो १८ दाखवत होता आणि आता १५ दाखवतोय, तर त्या फरकाला अर्थ आहे. कंपनीच्या जाहिरातीतल्या आकड्याशी मात्र तुलना करू नका. ती चाचणी बंद खोलीत रोलरवर होते, वेग ९० च्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. आसरा चौकातली संध्याकाळची गर्दी त्या खोलीत नसते.

टायर नुकतेच बदलले असतील तर साईझ वाचा. १४५/८० आर १२ च्या जागी दुकानदाराने १५५/८० आर १२ बसवले असतील तर चाकाचा व्यास सुमारे ३ टक्के वाढतो. गाडी जास्त अंतर जाते आणि मीटर कमी दाखवतो. म्हणजे पेट्रोल तेवढंच जळूनही ॲव्हरेज कागदावर ३ टक्के पडतं. हायवेवरचे किलोमीटरचे दगड मोजत दहा-वीस किलोमीटर जाऊन ट्रिप मीटरशी ताडून बघितलं की हे लगेच उघडं पडतं.

पंपावर संशय असेल तर भांडू नका, माप मागा. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात भरून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलिलिटर मागे-पुढे चालतं, म्हणजे अर्धा टक्का. माप बरोबर निघालं तर पंपाचा विषय डोक्यातून काढून टाका आणि पुढे चला.

गाडी तीच, पण दिवस बदललेत का?

आकडा हातात आला की गाडीला हात लावण्याआधी स्वतःला विचारा, मधल्या काळात काय बदललं? निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

पहिली गोष्ट पेट्रोल. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२५ मध्ये जवळपास सगळीकडेच २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे तेवढंच अंतर जायला जास्त लिटर लागणार हे उघड आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, शुद्ध पेट्रोलसाठी बनवून १० टक्क्यांच्या मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकींना ६ ते ७ टक्के घट धरलीय. १० टक्क्यांसाठी बनवून २० ला जुळवलेल्या गाड्यांना १ ते २ टक्के. आमच्या सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने मोप, उसाच्या मोळ्यांच्या ट्रॉल्यांमागे अडकून पेट्रोल जाळायचं आणि त्याच उसाचं इथेनॉल टाकीत भरायचं, असा आपला डबल हिशेब आहे. ते असो. मुद्दा असा की जुन्या गाडीचं १८ चं १६.८ झालं तर ते इथेनॉलच्या खात्यावर टाका आणि गॅरेज गाठू नका. १८ चं १३ झालं तर मात्र ती २८ टक्क्यांची घट आहे. सगळं इथेनॉलच्या माथी मारणारा मिस्त्री शोधाशोधीचा कंटाळा करतोय.

दुसरी गोष्ट ऊन. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना उन्हात उभी केलेली गाडी आतून भट्टी झालेली असते. त्यात बसून एसी चारवर ठेवून चार किलोमीटर गेलात तर एसीचा सगळा जोर गाडी थंड करण्यातच जातो. कडक उन्हात आणि छोट्या फेऱ्यांत एसीमुळे पाव भागापर्यंत ॲव्हरेज पडू शकतं. छोट्या हजार सीसीच्या इंजिनला कॉम्प्रेसर ओढणं मोठ्या इंजिनपेक्षा जड जातं हेही त्यात आलं. म्हणून मेच्या आकड्याची तुलना मागच्या मेशी करा, डिसेंबरशी नको. बसल्यावर काचा खाली करून पहिले दोन मिनिटं गरम हवा बाहेर काढा, मग एसी लावा. एवढ्यानेही फरक पडतो.

तिसरी गोष्ट फेऱ्या. सोलापूर काही मुंबई-पुणे नव्हे. जुळे सोलापुरातून सात रस्ता, तिथून नवी पेठ, पोराला शाळेत सोडून परत. प्रत्येक फेरी तीन-चार किलोमीटरची. इंजिन गार असतं तेव्हा कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो, आणि इंजिन नीट तापेपर्यंत तुमची फेरी संपलेली असते. आधी रोज मोहोळला नोकरीला गाडी नेणारा माणूस बदली होऊन गावातच आला, की गाडीत काहीही न बिघडता तीन-चार किलोमीटरची घट सहज दिसते. उभ्या गाडीचं इंजिनही तासाला अर्धा ते पाऊण लिटर पितं, एसी चालू असेल तर आणखी. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या आसपास अडकलेल्या गाड्यांनी ॲव्हरेजची अपेक्षाच ठेवू नये.

उलट पुण्याचा रस्ता. तो चांगला झाल्यापासून लोक ११० ने जातात आणि म्हणतात, हायवेलासुद्धा ॲव्हरेज नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. एकदा फक्त मोजण्यासाठी म्हणून ८० ने पुण्याला जाऊन या. बरोबरचे लोक वैतागतील, पण आकडा बघून गप्प होतील. तुळजापूरला जाताना मोजत असाल तर जाऊन-येऊन मिळून मोजा, कारण जाताना घाट चढायचाय आणि येताना उतरायचाय.

आणि डिकी उघडा. आमच्या ओळखीचे एक चादर-टॉवेलचे व्यापारी सॅम्पलच्या गाठी कायम डिकीत घेऊन फिरतात, वर टपावर कॅरिअर. पन्नासेक किलोला एखादा टक्का जातो, ते क्षुल्लक. टपावरचं कॅरिअर सामानासकट हायवेला त्यापेक्षा कितीतरी जास्त खातं. वापर नसेल तेव्हा काढून ठेवा.

चाकं

इतकं करूनही घट उरली, तर आता गाडीकडे या. पण इंजिनकडे नाही. सुरुवात चाकांपासून.

हवा सगळ्यांनाच माहीत आहे, म्हणून तिच्यावर लोक जास्तच भरवसा ठेवतात. चारही टायरांत प्रत्येकी पाच पाउंड हवा कमी असेल तर ॲव्हरेज साधारण एक टक्का पडतं. म्हणजे हवा बरोबर ठेवलीच पाहिजे, टायर वाचतो, गाडी रस्त्याला धरून राहते, पण पाच किलोमीटरची घट एकट्या हवेने होत नाही. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावर स्टिकर असतो, त्यात पुढचा-मागचा आकडा वाचा. बहुतेक छोट्या गाड्यांत तो तिशीच्या आसपास असतो. सकाळी गाडी फिरायच्या आधी भरा, कारण दुपारी तापलेल्या टायरात आकडा वाढलेला दिसतो. पंक्चरवाला सगळ्यांनाच सरसकट पस्तीस मारतो, त्याला आकडा सांगा.

खरी चोरी ब्रेक करतात. चिकटलेला ब्रेक आवाज करत नाही, दिवा लावत नाही, फक्त रात्रंदिवस चाक धरून ठेवतो. तपासायला काही लागत नाही. सकाळी लवकर एखाद्या सपाट, रिकाम्या रस्त्यावर तीसच्या वेगाला न्यूट्रल करून गाडी सोडून द्या. चांगली गाडी लांबवर आळसावल्यासारखी जाते. धरलेली गाडी पटकन मान टाकते. मग दहा-बारा किलोमीटर शक्यतो कमी ब्रेक वापरत जा, थांबा आणि प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हात न्या. ब्रेकच्या डिस्कला हात लावायचा नाही, चटका बसेल. पुढची दोन चाकं मागच्यांपेक्षा गरम असणार, त्यात काही नवल नाही. डावं-उजवं सारखं आहे का ते बघायचं. एक चाक जोडीदारापेक्षा चांगलंच तापलेलं असेल, वास येत असेल, तर चोर सापडला. मग जॅकवर उचलून हाताने फिरवा आणि खात्री करा. हँडब्रेक सोडून, गिअर न्यूट्रल, खालच्या चाकांना दगड लावून.

पुढच्या डिस्कला बहुधा कॅलिपरच्या, म्हणजे डिस्क आवळणाऱ्या चिमट्याच्या, पिना सुकलेल्या असतात. काढून, साफ करून, ब्रेकचं खास ग्रीस लावून परत बसवायच्या. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि चार महिन्यांत पुन्हा तेच. मागच्या ड्रममध्ये हँडब्रेकची केबल आतून गंजून परत येत नाही. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून आठ-पंधरा दिवस गाडी उभी ठेवली की ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात. गावाला जाताना गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावा, हँडब्रेक नको.

टायरच्या तळव्यावरून हात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर अलाइनमेंट गेलंय. चाकं थोडी तिरकी घासत चाललीत, टायर आणि पेट्रोल दोन्ही जातंय. आमच्या शहरातले खड्डे बघता वर्षातून एकदा अलाइनमेंट करून घेतलेलं बरं.

इंजिन गार तर नाही ना?

आता सांगतो ती गोष्ट आपल्याकडच्या उन्हाशी जोडलेली आहे, म्हणून जरा सविस्तर.

इंजिनमध्ये थर्मोस्टॅट वॉल्व्ह असतो, पेढ्याएवढा. इंजिन गार असताना तो बंद राहतो, पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणजे इंजिन लवकर तापतं. साधारण ८२ ते ८८ अंशाला तो उघडू लागतो. कितीला उघडणार तो आकडा त्याच्या पितळेवर कोरलेला असतो. उन्हाळ्यात एखादी गाडी गरम होऊ लागली की काही मिस्त्री काय करतात, हा वॉल्व्हच काढून टाकतात. पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, गाडी गरम होणं थांबतं, मालक खूश, मिस्त्रीला पैसे मिळाले. मूळ दोष असतो रेडिएटरच्या जाळीत भरलेली माती नि किडे, किंवा उशिरा चालू होणारा फॅन. तो तसाच राहतो. आणि थंडी आली की इंजिन कधीच पुरेसं तापत नाही. कॉम्प्युटरला वाटतं, अजून गार आहे, सोड जास्त पेट्रोल. तो सोडतच राहतो.

शेजारच्या प्राध्यापक सरांच्या २०१४ च्या गाडीचं हेच झालं होतं. सरांची एक सवय चांगली, प्रत्येक पेट्रोलच्या बिलावर किलोमीटर लिहून ती गड्डी डॅशबोर्डात ठेवायची. जुन्या बिलांवरून १७.५ निघत होतं, आता १३.४. जानेवारीचे दिवस, एसी बंद, त्यामुळे उन्हाची सबब नव्हती. फेऱ्या पूर्वीच्याच. इथेनॉलचे सहा-सात टक्के वजा केले तरी १६.४ यायला हवं होतं. तीन किलोमीटर बेपत्ता.

चाकं बघितली तर मागचं डावं तापत होतं. ड्रम उघडला, केबल बदलली, एक टाकी मोजली. १४.५. "झालं की काका," सर म्हणाले. मी म्हटलं, सर, अजून दोन किलोमीटर कुठं गेले ते बघू की. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारा स्कॅनर लावून हायवेला गेलो. बाळे ओलांडून बरंच पुढे गेलो तरी पाण्याचं तापमान ६० च्या आसपासच घुटमळत होतं. ट्रॅफिकमध्ये थांबलं की वर चढायचं, वेग घेतला की पुन्हा खाली. वारा लागला की खाली येणारं तापमान म्हणजे वॉल्व्ह उघडा अडकलाय किंवा जागेवरच नाही, हे जवळजवळ नक्की. घरी येऊन इंजिन गार झाल्यावर वॉल्व्हच्या हाउसिंगचे दोन बोल्ट काढले. आत नुसतं भोक. सरांना आठवलं, मागच्या एप्रिलमध्ये अक्कलकोटहून येताना गाडी गरम झाली होती, वाटेतल्या एका गॅरेजात 'काहीतरी सर्व्हिसिंग' केलं होतं.

नवा वॉल्व्ह आणला तर बसवण्याआधी घरात तपासून घ्यावा. जुन्या पातेल्यात पाणी, त्यात वॉल्व्ह दोऱ्याने लटकवायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, बाजूला थर्मामीटर. पाणी तापत जातं तसा कोरलेल्या आकड्याजवळ तो फट दाखवू लागतो आणि उकळीपर्यंत पूर्ण उघडतो. पाणी गार होताना परत मिटला पाहिजे. हे सगळं डोळ्यांनी दिसतं. मग नवं गॅस्केट, नळाचं पाणी न घालता कुलंट, आणि सिस्टिममधली हवा नीट काढणे. त्याचबरोबर रेडिएटरची जाळी मागून पुढे पाण्याने धुऊन काढली आणि फॅन वेळेवर लागतो का ते बघितलं, नाहीतर उन्हाळ्यात पुन्हा तेच रडगाणं. पुढच्या टाक्यांना १५.७ आलं.

स्कॅनर नसेल तरी अंदाज येतो. आजकाल बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, निळा दिवा असतो. गाडी चालू केल्यावर तो काही मिनिटांत विझला पाहिजे. दहा मिनिटं चालवूनही निळा दिवा जळतोय, किंवा विझलेला दिवा हायवेला पुन्हा लागतोय, तर थर्मोस्टॅट बघा. काटा असेल तर तो मध्याच्या बराच खाली राहतो.

स्कॅनर आणि बाकीची मंडळी

२०१३ च्या एप्रिलनंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायचं, सॉकेट असतं. पाचशे-हजारात मिळणारा ब्लूटूथचा छोटा डोंगल त्यात लावला की मोबाईलवर आकडे दिसतात. इंजिनचा दिवा जळत असेल तर कोड वाचा. पी०१२८ म्हणजे इंजिन अपेक्षेइतकं तापत नाही. पी०१७२ म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पी०१७१ म्हणजे हवा जास्त. पी०३०० म्हणजे मिसफायर, इंजिनात पेट्रोल नीट पेटत नाही. कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. 'ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला, सेन्सर बदला' हे बरेचदा खिशाला पडणारं भोक असतं. तो सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो, आणि सायलेन्सरच्या पाईपला भोक असेल तरी चुकीचं वाचतो.

दिवा जळत नसतानाही फ्युएल ट्रिम बघा. कॉम्प्युटर मूळ हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय, तो हा आकडा. पाच टक्के इकडे-तिकडे ठीक. लाँग टर्म, म्हणजे बऱ्याच फेऱ्यांतून ठरलेला, ट्रिम दहाच्या पलीकडे सतत राहत असेल तर काहीतरी आहे. उणे असेल तर गळका इंजेक्टर किंवा चुकीचा सेन्सर. अधिक असेल तर कुठून तरी चोरटी हवा ओढली जातेय, रबरी नळ्या बघा. जुन्या गाडीत २० टक्के इथेनॉलमुळे ट्रिम थोडा अधिककडे सरकलेला दिसतो, तेवढ्यावर घाबरू नका.

एअर फिल्टरबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय. कार्बोरेटरच्या काळात फिल्टर तुंबला की पेट्रोल जास्त जायचं, हे खरं. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर आत येणाऱ्या हवेच्या मापानेच पेट्रोल देतो, त्यामुळे तुंबलेल्या फिल्टरने गाडीचा दम जातो, ॲव्हरेज फारसं जात नाही. आपल्याकडच्या धुळीत फिल्टर वेळेवर बदला, पण त्यातून दोन किलोमीटर वाढतील ही आशा नको.

प्लग काढून रंग बघा. बिस्किटी रंग म्हणजे ठीक. कोरडा काळा काजळ म्हणजे पेट्रोल जास्त. ओलसर तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय, आणि ते वेगळं, मोठं काम. साधे प्लग वीस-तीस हजार किलोमीटरला बदलावेत, इरिडियमचे त्याच्या कितीतरी पट चालतात.

क्लच घसरतोय का ते एका मिनिटात कळतं. चौथ्या गिअरला चाळीसच्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आवाज आणि आरपीएम भसकन वर आणि वेग जागेवर, तर क्लच प्लेट संपलीय. इंजिन फिरतंय तेवढं चाकापर्यंत पोचतच नाही. उतारावर सोडून सगळीकडे अर्धा क्लच दाबून चालवायची सवय ज्यांना आहे, त्यांनी ही तपासणी आधी करावी.

इंजिन ऑइलचा डबा कुठला ओतला ते विचारा. आताच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल इंजिनांना पातळ ऑइल लागतं, ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० अशा ग्रेडचं. 'आपल्याकडं गर्मी लई' म्हणून २०डब्ल्यू-५० ओतलं की इंजिनला ते ढवळण्यातच ताकद घालवावी लागते. गाडीच्या पुस्तकात जो ग्रेड लिहिलाय तोच टाका, आणि डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या वर जाऊ देऊ नका.

प्रत्येक दुरुस्तीनंतर एक टाकी मोजा आणि तोवर दुसऱ्या कशालाही हात लावू नका. ब्रेक, प्लग, ऑइल सगळं एकाच दिवशी केलं तर आकडा वाढेलही, पण कशाने वाढला ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा सगळ्याचेच पैसे मोजावे लागतील. हे सगळं झाल्यावरही घट मोठी असेल, सोबत ऑइल कमी होत असेल, तेव्हा कुठे इंजिनच्या सिलिंडरातला दाब मोजणाऱ्या कॉम्प्रेशन टेस्टचं नाव काढा.

सरांचे १५.७ आणि हिशेबातले १६.४ यांत अजून पाऊण किलोमीटर उरत होता. गॅरेजवाल्याने त्यांना इंजेक्टर क्लीनिंग आणि डिकार्बनायझिंगचं, म्हणजे इंजिनमधलं काजळ काढायचं, पॅकेज सुचवलं, पाचेक हजारांचं. आम्ही कागदावर मांडलं. वर्षाला दहा हजार किलोमीटर धरले तर १६.४ ला ६१० लिटर लागतं, १५.७ ला ६३७. फरक २७ लिटर, म्हणजे आजच्या भावाने तीन हजारांच्या आत, आणि तोही पॅकेजने पूर्ण भरून निघेल याची हमी कोण देणार? ट्रिमचे आकडे ठीक होते, प्लगचा रंग ठीक होता. सरांनी ते पाच हजार पुढच्या दोन टायरांसाठी बाजूला ठेवले.